आजोळची जर्सी

एप्रिल संपत आला की आमचा संघ अर्ध्यावर येतो. घणसोली आणि कोपरखैरण्याची पोरं ही. निम्म्यांच्या घरी कुणी ना कुणी माथाडी कामगार, मूळ गावं साताऱ्याकडची नाहीतर जुन्नर-आंबेगावची. परीक्षा संपली की एकेक जण येतो आणि बुटाची लेस सोडता सोडता सांगतो, "सर, आजोळी चाललोय." त्यावर काय बोलणार? स्पर्धा तोंडावर असली तरी आजोळापुढे तिचं काही चालत नाही, हे मीही लहानपणापासून ओळखून आहे.

या पोरांत आमचा एक स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, आहे. वय १४. वडील आसामातले, कोक्राझारकडचे. इथे एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत. आई कोरेगाव तालुक्यातली. तिचे वडील वाशीच्या बाजारात आयुष्यभर पाठीवर पोती वाहून आता घरी बसलेत. पोरगा दिसतो वडिलांसारखा आणि बोलतो आईसारखा, अस्सल सातारी. "मी काय म्हंतोय सर" अशी त्याच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात. मे महिन्यात तोही आजोळी जातो, विहिरीत उड्या मारून काळाठिक्कर होऊन परत येतो.

मागच्या वर्षी एका स्पर्धेत नोंदणीच्या टेबलावर आम्ही १६ मुलांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स एका फाइलीत लावून दिल्या. टेबलामागचा माणूस पानं भराभर उलटत होता. या मुलाच्या पानावर त्याचं बोट थांबलं. त्याने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. "हा इथलाच ना नक्की? याचं ओरिजिनल आणा." बाकी १५ जणांच्या झेरॉक्स चालल्या. त्याची आई कार्ड घेऊन रिक्षाने मैदानावर पोचेपर्यंत पूर्वार्ध संपला होता आणि आम्ही दोन गोल खाल्ले होते. दोरीपलीकडून कुणाच्या तरी वडिलांनी त्याला उद्देशून जो शब्द वापरला, तो मी इथे लिहिणार नाही. ईशान्येकडच्या प्रत्येक माणसाने तो या देशात कुठे ना कुठे ऐकलेला आहे. बूट बांधताना पोरगा मला म्हणाला, "माझंच का, सर?" मी त्याला "जाऊ दे, तू खेळ" एवढंच म्हणालो. ते पुरेसं नव्हतं. तेव्हापासून ते मला टोचत राहिलंय.

असाच प्रश्न आपल्या देशाच्या फुटबॉल संघाभोवती गेली काही वर्षं फिरतो आहे, फक्त तिथलं टेबल मोठं आहे. ज्यांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतातले, पण जे स्वतः परदेशात जन्मले-वाढले, त्यांना भारताकडून खेळू द्यायचं की नाही? माझं उत्तर स्पष्ट आहे. खेळू द्यावं. आणि त्यासाठी त्यांना त्यांचा दुसरा देश सोडायला लावू नये.

आज स्थिती अशी आहे की भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या ९व्या कलमानुसार स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. २००५पासून परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआय कार्ड आहे. त्यावर भारतात राहता येतं, काम करता येतं, पण ते नागरिकत्व नव्हे. २००८च्या अखेरीस केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ठरवून टाकलं की देशाकडून भारतीय पासपोर्टवाल्यांनीच खेळायचं. फुटबॉलमध्ये तर मंत्रालयाने उद्या हा नियम सैल केला तरी भागणार नाही, कारण फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व लागतंच. म्हणजे मूळ कायद्यालाच हात घालावा लागेल. राज्यघटनेच्या ११व्या कलमाने नागरिकत्वाबाबत कायदे करायचा अधिकार संसदेला दिलेला आहे, तेव्हा ही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. इच्छा पाहिजे.

इथे दोन बचावपटूंची गोष्ट सांगतो. मी स्वतः कॉलेजात बॅक खेळलो, त्यामुळे गोल मारणाऱ्यांपेक्षा अडवणाऱ्यांकडे माझं लक्ष जास्त.

पहिला नील टेलर. जन्म १९८९चा, वेल्समधल्या सेंट अ‍ॅसफचा. वडील वेल्सचे, आई कोलकात्याची बंगाली. (नील हे नाव दोन्ही घरांत शोभणारं आहे, हे मला फार आवडतं.) मँचेस्टर सिटीच्या अकादमीत होता, १५व्या वर्षी त्यांनी सोडून दिलं. त्या वयात नाव वगळलं गेलं की बहुतेक पोरं फुटबॉलच सोडतात. हा रेक्सहॅमला गेला, खालच्या पातळीवर खेळला, २०१०मध्ये स्वान्झीने त्याला घेतलं. पुढच्याच वर्षी स्वान्झी प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पोचणारा वेल्सचा पहिला क्लब ठरला आणि डावा बॅक म्हणून टेलर तिथे पक्का झाला. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या संघातून खेळला. त्यानंतर दोनच महिन्यांत घोटा मोडला, हंगाम वाया गेला, तो पुन्हा उभा राहिला. २०१६च्या युरो स्पर्धेत वेल्स उतरला, तोही १९५८नंतर पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या स्पर्धेत. तुलूझला रशियाविरुद्ध टेलर डावीकडून थेट गोलपोस्टपर्यंत धावत गेला. पहिला फटका गोलरक्षकाने अडवला, परत आलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला. वेल्ससाठी त्याचा तो पहिलाच गोल. वेल्स ३-० जिंकला, गटात पहिला आला आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याच्या कारकिर्दीला एक काळी बाजूही आहे: मार्च २०१७मध्ये डब्लिनला त्याच्या टॅकलमुळे आयर्लंडचा कर्णधार शेमस कोलमनचा पाय मोडला आणि टेलरला लाल कार्ड मिळालं. बचावपटूचं असंच असतं. वर्षानुवर्षांची शिस्त एका अर्ध्या सेकंदात लोक विसरतात.

वेल्सकडून ४० हून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या या माणसाचं आजोळ कोलकात्यात आहे. त्याने वेल्स निवडलं ते योग्यच, तिथे तो वाढला. पण दुसऱ्याची गोष्ट वेगळी आहे आणि माझा खरा मुद्दा तिथे आहे.

डॅनी बाठ. जन्म १९९०चा, इंग्लंडच्या ब्रायर्ली हिलचा. वडील पंजाबी, आई इंग्लिश. उंच, अंगापिंडाने मजबूत, हवेतल्या चेंडूवर हुकमत असलेला सेंटर-बॅक. लहानपणापासून वुल्व्हरहॅम्प्टनच्या, म्हणजे लोक ज्याला वुल्व्ह्ज म्हणतात त्या क्लबच्या, अकादमीत. हे शहर पंजाबी माणसांनी भरलेलं. तिथल्या स्टेडियमवर बाठ या नावाचा अर्थ कळणारी माणसं हजारोंनी असणार. आधी कोलचेस्टर, शेफिल्ड अशा ठिकाणी उसनवारीवर खेळून तो तयार झाला. २०१३मध्ये वुल्व्ह्ज लागोपाठ दोनदा खाली घसरून तिसऱ्या श्रेणीत आलेले. पुढच्याच हंगामात १०३ गुण मिळवून ते वर चढले आणि त्या संघाच्या बचावाच्या मध्यभागी बाठ होता. पुढे तो कर्णधार झाला. २०१८मध्ये वुल्व्ह्ज प्रीमियर लीगमध्ये पोचले, आणि त्याच उन्हाळ्यात तो मिडल्सब्रोला उसना दिला गेला. ज्या घराचा पाया त्याने घातला, तिथे गृहप्रवेशाला तो नव्हता. मग स्टोक, मग संडरलंड, तिथे २०२२मध्ये वेम्ब्लीवर जिंकून पुन्हा बढती, मग नॉरिच, मग ब्लॅकबर्न. इंग्लिश लीगमधले ४०० हून अधिक सामने त्याच्या नावावर आहेत.

इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचं बोलावणं त्याला आलं नाही. भारताचं दार कायद्याने बंद होतं. ज्या १२-१५ वर्षांत भारताला त्याच्या दर्जाचा सेंटर-बॅक मिळाला असता तर आपण तोंडभर हसलो असतो, त्या सगळ्या वर्षांत तो शनिवारी शनिवारी इंग्लंडच्या पावसात चेंडू डोक्याने परतवत राहिला आणि आपण त्याच्याकडे नुसते पाहत राहिलो.

"मग त्याने भारतीय नागरिकत्व घ्यायचं होतं," असं लोक म्हणतात. घ्यायचं म्हणजे काय करायचं? कायद्याप्रमाणे ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षं थांबायचं. अर्जाआधी सलग वर्षभर भारतात राहायचं, म्हणजे क्लबची नोकरी सोडायची. नंतर ब्रिटिश पासपोर्ट परत करायचा, आणि मग स्वतःच्याच जन्मगावी काम करायला परवाना मागायचा. फुटबॉलपटूची कारकीर्द फार तर १५ वर्षांची. त्यातलं एक अख्खं वर्ष आणि पोटापाण्याचं साधन दोन्ही मागून वर आपण म्हणतो, देशप्रेम दाखव. शेतकऱ्याला विहीर बुजवून ये म्हणायचं आणि मग पाणी पाजायचं, असा हा प्रकार झाला.

काहींनी तरीही ते केलंय. अराता इझुमी. वडील गुजराती, आई जपानी, जन्म जपानचा. ईस्ट बंगाल, महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी असा तो आपल्याकडे खेळत राहिला, जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१२मध्ये भारतीय झाला. नीलकंठ खंबोळजा हे त्याचं भारतीय नाव. तेव्हा तो ३० वर्षांचा होता. भारताच्या जर्सीत त्याला मोजकेच सामने मिळाले, कारण पाय चालत होते ती वर्षं कागद चालण्यात गेली. आणि हाच माणूस नंतर आमच्या घणसोलीत, रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत पोरांना शिकवायला उभा राहिला. म्हणजे ज्याला आपण इतका उशीर करवला, त्याने आपल्या गल्लीत येऊन आपल्या पोरांना पास द्यायला शिकवलं. बाहेरून आलेला आपल्या पोरांचं हिरावून घेतो म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

ताजं उदाहरण रायन विल्यम्सचं. हा पुढच्या फळीतला, ऑस्ट्रेलियात जन्मलेला. पण त्याची आई मुंबईची, अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आणि आईचे वडील मुंबईच्या संघातून संतोष करंडक, म्हणजे राज्याराज्यांतली फुटबॉल स्पर्धा, खेळलेले. म्हणजे त्याचं आजोळ ठाण्याच्या खाडीपलीकडे, लोकलने तासाभरावर. २०२५मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. नोव्हेंबरात संघासोबत ढाक्यालाही गेला, पण कागद पूर्ण नसल्याने मैदानात उतरू शकला नाही. त्या सामन्यात बांगलादेशने आपल्याला १-०ने हरवलं, २००३नंतर पहिल्यांदा. आशिया चषकाचं तिकीट आपण त्याआधीच गमावलं होतं.

बांगलादेशच्या त्या संघात हमझा चौधरी होता. जन्म इंग्लंडच्या लॉफबरोचा, आई सिल्हेटकडची बांगलादेशी, जन्मदाते वडील कॅरिबियन बेटांवरच्या ग्रेनाडाचे. लेस्टरचा बचावात्मक हाफ, गरज पडली तर उजवा बॅकही, २०२१च्या एफए कप विजेत्या संघातला. बांगलादेशात दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक आहे. त्याने ब्रिटिश पासपोर्ट ठेवला, बांगलादेशचा काढला आणि मार्च २०२५मध्ये शिलाँगला आपल्याविरुद्धच पहिला सामना खेळला. ०-० बरोबरी. पोराने आजोळच्या अंगणात येऊन खेळावं आणि कुणी त्याला "आधी बापाचं घर सोड" म्हणू नये, इतकी साधी ती गोष्ट आहे.

टेलर, विल्यम्स, चौधरी या तिघांचाही हा दुसरा धागा आईकडून आलेला आहे, हे लक्षात आल्यावर मला आपल्या भाषेतला आजोळ हा शब्द फार मोलाचा वाटायला लागला. मराठी माणसाला दोन घरं असण्याचं नवल कधीच नव्हतं. बापाचं आडनाव लावणारा पोरगा मामाच्या गावात 'आपला भाचा' म्हणून ताठ मानेने फिरतो. गावच्या जत्रेत पालखीला खांदा देतो. तिथल्या कबड्डीच्या संघात त्याला घेतात, आणि समोरचा संघ फार तर "भाचा चांगला खेळतोय" म्हणतो. दोन घरांवरची माया एकमेकींतून वजा होत नाही, हे ज्या समाजाला रोजच्या वागण्यातून पाठ आहे, त्याच समाजाला पासपोर्टच्या बाबतीत मात्र वजाबाकीच सुचावी, याचं मला वाईट वाटतं.

आणि जेव्हा गोष्ट उलटी असते तेव्हा आपण कसे वागतो? जून २०२४मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात सौरभ नेत्रावळकरने न्यूयॉर्कला विराट कोहलीला शून्यावर आणि रोहित शर्माला तीनवर बाद केलं. अमेरिकेच्या जर्सीत. मुंबईकडून रणजी खेळलेला, भारताच्या १९ वर्षांखालच्या संघातून विश्वचषक खेळलेला हा मुलगा. त्या रात्री आमच्या सोसायटीत भारत जिंकला म्हणून आनंद होताच, पण नेत्रावळकरचं कौतुकही तितकंच होतं. कुणीही त्याला परका म्हटलं नाही. लिओ वराडकर २०१७मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा मालवण तालुक्यातलं वराड गाव बातम्यांत आलं आणि २०१९च्या डिसेंबरात तो गावी आला तेव्हा गावाने नातवाचं करावं तसं स्वागत केलं. आपली माणसं तिकडची झाली तर आपली छाती फुगते. तिकडची माणसं आपली होऊ म्हणाली तर आपण ओरिजिनल मागतो.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत जा. दर दोन मजल्यांवर एक घर असं सापडेल की मुलगा न्यू जर्सीला, नाहीतर डॅलसला. रविवारी सकाळी आजी-आजोबा टॅबलेट समोर धरून नातवंडांशी बोलत असतात. ती नातवंडं तिकडे फुटबॉल खेळतात, शनिवारी मॅच असते, आजोबांना व्हिडिओ येतो. २०१७च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात नमित देशपांडे नावाचा बचावपटू होता. मुंबईत जन्मलेला, न्यू जर्सीत वाढलेला. तो खेळू शकला कारण त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट होता. याच मुलाच्या हाती त्याआधी अमेरिकेचा पासपोर्ट आला असता तर? तेच पाय, तेच आडनाव, तेच आजी-आजोबा. आणि तो परदेशी ठरला असता. एका कागदाच्या तारखेवर मुलगा आपला किंवा परका ठरत असेल, तर त्या कागदाला आपण देशप्रेमाचं माप समजू नये.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते घेणारी माणसं वाईट नाहीत. माझ्याच संघातल्या एका मुलाचे वडील मला म्हणाले, "सर, आमचं पोरगं इथे चिखलात खेळतंय, आणि जर्सी लंडनच्या पोराला?" हा प्रश्न पोटातून आलेला आहे. त्याला उडवून लावता येणार नाही.

पहिली गोष्ट, बाहेर वाढलेल्यांची भर घातली की संघ आपोआप जिंकतो, असं मी म्हणत नाही. पाकिस्तानने युरोपात वाढलेली बरीच मुलं संघात घेतली. जून २०२३मध्ये बंगळुरूला आपण त्यांना ४-०ने हरवलं, त्यात सुनील छेत्रीचे तीन गोल. जादूची कांडी कुठेच नाही.

दुसरी गोष्ट बचावाच्या कलेची, आणि ही मी मैदानावरून सांगतो. स्टॉपरला शिकवणं सगळ्यांत अवघड. पुढचा खेळाडू एकटा भिंतीवर चेंडू मारून बरंच काही शिकतो. बॅक एकटा शिकूच शकत नाही. समोरचा चेंडू घेऊन आला की पोरांचा पहिला धर्म म्हणजे अंगावर झेपावणं. मी सांगतो, झेपावू नको, अंग तिरकं ठेव, त्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलत ने, पाय तेव्हाच घाल जेव्हा चेंडू त्याच्या पायापासून हातभर लांब जाईल. हे १० वेळा सांगून कळत नाही. शेजारी उभा असलेला जाणता बॅक जेव्हा "थांब, थांब, आता!" ओरडतो, तेव्हा एका सामन्यात कळतं. बचाव ही बोलत बोलत शिकायची विद्या आहे. आपल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं क्लबांनी मधल्या बॅकच्या जागी परदेशी खेळाडू आणून उभे केले, कारण तिथे चूक परवडत नाही. ते परदेशी राष्ट्रीय संघात नसतात, त्यामुळे सामना देशाचा आला की आपल्या पोरांच्या शेजारचा तो आवाज गायब होतो. बाठसारखा माणूस निळ्या जर्सीत आपल्या संदेश झिंगन किंवा अन्वर अली या बचावपटूंच्या शेजारी पाच वर्षं उभा राहिला असता, तर त्याने एक जागा घेतली असती हे खरं. पण जाताना दोन-तीन पोरांना ती जागा कशी सांभाळायची ते देऊन गेला असता.

तिसरी गोष्ट त्या वडिलांच्या चिखलाची. ती मला सगळ्यांत जास्त बोचते.

२०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या होती १८ लाख ४१ हजार, नवी मुंबईची ११ लाख २० हजार. दोन्ही मिळून ३० लाखांना थोडी कमी. त्याच वर्षी वेल्सची लोकसंख्या होती साधारण ३० लाख ६० हजार. टेलर ज्या देशाच्या बचावात उभा राहून युरोच्या उपांत्य फेरीत गेला, तो अख्खा देश म्हणजे आपली दोन शहरं. टेलर तिथे पायावर उभा राहिला याचं कारण त्याच्या रक्तात शोधत बसू नये. १५व्या वर्षी एका अकादमीने सोडलं तरी जवळच दुसरा क्लब होता, त्याखाली आणखी क्लब होते, गावोगाव गवताची मैदानं होती, दर आठवड्याला सामना होता. पडलेल्या पोराला झेलणारं जाळं होतं.

आमच्याकडे काय आहे? नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. तिथे २०१७ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य लढत झाली, स्पेनने मालीला हरवलं. २०२२च्या ऑक्टोबरात मुलींच्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला. जगातल्या फार थोड्या शहरांच्या नशिबी असं असतं. खारघरला सिडकोने फुटबॉलचं चांगलं केंद्र उभारलं आहे. पण आमच्या पोरांचं रोजचं मैदान म्हणजे सेक्टरमधला मोकळा भूखंड. सिडकोने आखणी करताना मैदानं राखली, याबद्दल मी नेहमी कृतज्ञ असतो. मुंबईत तेवढीही नाहीत. पण वर्षातले कितीतरी आठवडे त्यावर मंडप असतो. कधी प्रदर्शन, कधी सभा, कधी लग्न. मंडप उतरला की खड्डे आणि खिळे आमच्या वाट्याला. सरावाआधी आमची पोरं रांगेत उभी राहून मैदान ओलांडतात, खाली वाकून खिळे वेचतात, एका रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात गोळा करतात. मागच्या दिवाळीनंतर तो डबा पहिल्याच दिवशी अर्धा भरला होता. ज्यांना परवडतं ते टर्फवर जातात. तासाचे पैसे मोजून, जाळीच्या आत, पाच-पाच जणांत. तिथे पास चांगले होतात, पण स्टॉपर घडत नाही. ४० मीटर मागे पळत जाऊन पाठीवरचा माणूस सांभाळायचा, ते त्या जाळीत मावत नाही.

त्यामुळे त्या वडिलांना मी हेच म्हणालो की दादा, तुमच्या पोराची जागा लंडनचा पोरगा खात नाही, ती जागा मंडपाखाली गेली आहे. त्यासाठी महापालिकेच्या दारात भांडू या, मी पहिला येतो. मैदान वर्षभर खेळासाठीच, मंडप दुसरीकडे, एवढी एक मागणी घेऊन आपल्या नगरसेवकाला उभं करू या. पण बाठला दार बंद ठेवून तुमचा खिळा कमी होत नाही.

कायद्यात काय करावं, याबद्दलही मला ठाम वाटतं. सगळ्यांना सरसकट दुहेरी नागरिकत्व हा मोठा विषय आहे; त्यात मतदान, मालमत्ता, सुरक्षा अशी गुंतागुंत आहे. ती सुटेपर्यंत खेळाडूंना ताटकळत ठेवायचं कारण नाही. नागरिकत्व कायद्याच्या ६व्या कलमात एक सवलत आधीपासून आहे: विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांसाठी ज्याने विशेष सेवा केली असेल, त्याच्यासाठी केंद्र सरकार नागरिकत्वाच्या अटी शिथिल करू शकतं. या यादीत खेळाचं नाव नाही. कायदा झाला त्या १९५५च्या काळात ते सुचलं नसेल, समजू शकतो. आता सुचायला हवं. तिथे एक शब्द वाढवावा, म्हणजे निदान वर्षांची वाट पाहणं संपेल. इंडोनेशियाही प्रौढांना दुहेरी नागरिकत्व देत नाही, पण त्यांची संसद खेळाडूंची प्रकरणं झटपट मार्गी लावते. त्यांचा कर्णधार जे इडझेस हा हॉलंडमध्ये जन्मलेला सेंटर-बॅक असाच आला. आणि दुसरी पायरी म्हणून, ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा यांपैकी कुणी भारतात जन्मलं आहे अशा खेळाडूला, मताधिकाराशिवाय का होईना, जुना पासपोर्ट ठेवून भारतीय नागरिकत्व मिळावं. त्याने मत देऊ नये, निवडणूक लढवू नये, जमीन घेऊ नये. फक्त खेळावं.

निष्ठेचं काय, असं विचारतात. निष्ठा मी ९० मिनिटं मोजतो. ८८व्या मिनिटाला पायात गोळा आलेला असताना जो कॉर्नरला पुन्हा उडी मारतो, त्याच्या खिशात कुठला कागद आहे हे मला जाणून घ्यायचं नाही. आणि ज्यांची निष्ठा कागदावर पक्की आहे, जे इथेच जन्मले, इथलंच पाणी प्यायले, त्या आमच्या स्टॉपरसारख्या पोरांना तरी आपण कुठे सुखाने उभं राहू देतो? त्याच्या दोन्ही घरांचे पत्ते भारतातलेच आहेत. कोक्राझार आणि कोरेगाव. तरी टेबलावरचं बोट त्याच्याच पानावर थांबतं. म्हणून मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. चेहऱ्यावरून, आडनावावरून, पासपोर्टच्या रंगावरून 'आपला' ठरवायची सवय एकदा लागली की ती लंडनच्या पोरापाशी थांबत नाही, घणसोलीच्या पोरापर्यंत येते.

यंदा मी त्या स्पर्धेच्या आयोजकांना आधीच लेखी कळवलं की ओरिजिनल मागायचं तर १६ जणांचं मागा, नाहीतर कुणाचंच नको. त्यांनी ते मान्य केलं, हेही सांगायला हवं. टेबलावर दुसरा माणूस होता. त्याने सगळी पानं सारख्याच वेगाने उलटली.

सामना १-१ सुटला. उत्तरार्धात त्यांचा उंच पोरगा डाव्या बाजूने सुटला, तेव्हा आमचा स्टॉपर झेपावला नाही. तिरका झाला, मागे मागे सरकत राहिला, रेषेपर्यंत घेऊन गेला आणि मग पाय घातला. चेंडू बाहेर. उठून पँट झटकली आणि हात वर करून बाकीच्यांवर ओरडला, "आरं वर या की! लाइन वर घ्या!" पुढच्या सामन्याची तारीख सांगायला मी त्याला बोलावलं तर म्हणाला, "मी काय म्हंतोय सर, तेवढे आठ दिवस मी नाही. कोरेगावात मामाचं लग्न हाय, मग दादांबरोबर कोक्राझारला. रेल्वेचं तिकीट काढलंय."

मी वहीत त्याच्या नावापुढे जूनची तारीख लिहिली.